मेस्त्रीबाईंचा चिखल

मेस्त्रीबाईंच्या उजव्या हाताची तीन बोटं कायम गुलाबी असायची. हळदीकुंकवाला गेल्या की नव्या ओळखीच्या बायका विचारायच्या, "मेंदी कुठली हो?" बाई शांतपणे सांगायच्या, "किड्यांची." पुढच्या वर्षी त्या घरातून बोलावणं यायचं नाही. बाईंना त्याचं काही वाटत नसे. उलट, बसचं भाडं वाचलं म्हणायच्या.

रंग खरोखरच किड्यांना लावायचा होता. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. मालाडच्या पश्चिमेला, खाडीच्या काठावर आमचं मासेमारी संशोधन केंद्र होतं. एक बसकी इमारत, समोर बांध, बांधापलीकडे थोडी खारफुटी आणि ओहोटीला उघडा पडणारा मैलभर चिखल. मी तिथे टायपिस्ट. या खाडीत पूर्वी करवत मासा यायचा. तोंडापुढे दातेरी करवत असलेला, पूर्ण वाढला की माणसापेक्षा लांब. पलीकडच्या कोळीवाड्यातल्या देवळात त्याची एक जुनी करवत शेंदूर लावून टांगलेली होती. मासा मात्र दिसेनासा झाला होता. म्हणून खाडीचा एक पट्टा राखीव केला होता आणि तिथे जाळी टाकायला बंदी होती. करवत मासा आपल्या करवतीने तळ उकरून खातो. तेव्हा तळाशी त्याला खायला काय आहे आणि किती आहे, हे मोजायचं काम मेस्त्रीबाईंकडे होतं.

दर महिन्याला मोठ्या ओहोटीच्या दिवशी त्या चिखलात उतरायच्या, ठरलेल्या जागांवरून चिखल आणायच्या आणि मागच्या अंगणात बारीक चाळणीने धुवायच्या. चाळणीत उरलेलं सगळं बरणीत, वर औषध आणि चिमूटभर गुलाबी रंग. जीव असलेलं जे काही असेल ते रंग धरतं, पालापाचोळा तसाच राहतो. मग ताटलीत ओतून सुईच्या टोकाने एकेक वेचायचं. केसाळ गांडुळं, तांदळाएवढ्या गोगलगायी, नखाएवढे शिंपले, खेकड्यांची पिल्लं. सकाळी साडेदहाला बाई मान खाली घालायच्या ती दीडला वर करायच्या. मध्ये कुणी बोलावलं तर डावा हात नुसता वर व्हायचा. तो हात वर दिसला की आमचे साहेबसुद्धा दारातून परत जायचे.

दीड वाजता मात्र त्या एकदम माणसात यायच्या. लिंबाच्या फोडीने हात घासून घासून धुवायच्या, तरी त्यांच्या डब्याला औषधाचा वास आहे असं आमचा शिपाई म्हणायचा आणि त्यांनी दिलेलं सुकट तरीही खायचा. बाई मूळच्या मालवणकडच्या, घाटकोपरच्या डोंगरावर एका खोलीत राहायच्या. नवरा गिरणीत होता. संपानंतर तो घरी बसला आणि हळूहळू बोलायचाच बंद झाला. "घरी एक गप्प, हंय हजार गप्प," बरण्यांकडे बोट दाखवून त्या म्हणायच्या. "माका सवय झाली गो." एवढंच. त्या विषयावर याहून जास्त मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही.

केंद्रातल्या सगळ्यांना त्यांनी चिखलातल्या प्राण्यांवरून नावं ठेवली होती. एक गांडूळ स्वतःभोवती मातीची नळी बांधतं आणि जन्मभर तीतून बाहेर पडत नाही, नुसतं डोकं काढून येईल ते गिळतं. ते म्हणजे साहेब. मला त्यांनी एका गोगलगायीचं नाव दिलं होतं, जी भरती आली की आपलं झाकण लावून घेते. "सगळं ऐकतेस आणि दार लावतेस," त्या म्हणायच्या. मी हसायचे. तेव्हा ते मला कौतुक वाटायचं.

त्यांच्या कामाच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट सगळं केंद्र सांगायचं. चिखलात कसं चालतात हे बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. साडीच्या आत नवऱ्याची जुनी पँट घालून त्या एकट्याच गेल्या आणि अर्ध्या वाटेवर मांडीपर्यंत रुतल्या. जितका पाय ओढावा तितका तो खाली जायचा. भरती फिरली होती. बांधावरून शिपाई दोरी आणा, दोरी आणा म्हणून नाचत होता आणि दोरी कुणाकडे नव्हती. तेवढ्यात शिवल्या, म्हणजे खायचे शिंपले, काढणारी एक कोळीण लांबून ओरडत आली, "हालू नको गो बाय! पाय नको खेचू! आरवी हो, पोटावर आरवी हो!" बाईंनी स्वतःला चिखलात आडवं टाकलं. त्या कोळिणीने आपली फळी पुढे सरकवली आणि पालीसारखं सरपटत दोघी काठाला लागल्या. वर आल्यावर कोळीण त्यांच्या चिखलाने भरलेल्या तोंडाकडे बघून इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

ती हिराबाई. तिच्यासारख्या पंधरा-वीस बायका रोज ओहोटीला त्या चिखलात उतरायच्या, हाताने चाचपून शिवल्या काढायच्या आणि संध्याकाळी मालाडच्या बाजारात वाटे लावून बसायच्या. जाळ्यांना बंदी झाली तेव्हा त्यांचे पुरुष लांब समुद्रावर जायला लागले. बायकांच्या पाट्यांना मात्र कुणी हात लावला नव्हता. हिराबाईने मेस्त्रीबाईंना चिखलात चालायला शिकवलं. टाच टेकायची नाही, थांबायचं नाही, हिरवट चमक दिसेल तिथे जायचं नाही. दर महिन्याला दोघी जोडीने जाताना दिसायच्या, एकीच्या हातात पाटी, दुसरीच्या हातात चाळण. बाईंना शिवल्या विकत घ्याव्या लागत नव्हत्या आणि हिराबाईला केंद्राच्या नळाचं गोडं पाणी मिळत होतं.

आता चुकीबद्दल सांगायला हवं, कारण ती सोडून मेस्त्रीबाई सांगताच येणार नाहीत.

खाडीतली ही गांडुळं फार नाजूक. चाळताना त्यांचे तुकडे होतात. एका किड्याचे कधी दोन, कधी चार. पहिलं वर्षभर बाईंनी प्रत्येक तुकडा एक किडा म्हणून मोजला. कुणी सांगितलंच नव्हतं. तीन दिवसांचं शिक्षण देऊन त्यांना ताटलीसमोर बसवलं होतं. दुसऱ्या वर्षी दक्षिणेकडचे एक म्हातारे तज्ज्ञ केंद्र बघायला आले. बाईंच्या पाठीशी दोन मिनिटं उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, सिर गिनो. दुम मत गिनो." डोकं असेल तरच मोजायचं. बाईंनी मान हलवली. त्या दिवसापासून त्या फक्त डोकी मोजायला लागल्या आणि झाल्या गोष्टीबद्दल कुणाला अक्षर बोलल्या नाहीत. हंगामी नोकरी, दर वर्षी मुदतवाढ साहेबांच्या सहीने. आणि लाजही वाटली असणार. वर्षभर शेपट्या मोजल्या हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

वर्षअखेरीला त्यांनी आकड्यांचे तक्ते साहेबांकडे दिले. तक्ते बाईंचे, निष्कर्ष साहेबांचा, अशी पद्धत होती. साहेबांनी दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले तर दुसऱ्या वर्षी तळाचे प्राणी तिसऱ्या हिश्श्यावर आलेले. जाळी तर बंद होती. मग किडे गेले कुठे? साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं असेल आणि चिखलात वाकलेल्या बायका त्यांना दिसल्या असतील. 'शिवल्या काढणाऱ्या स्त्रियांच्या वावरामुळे तळाच्या प्राणिसमूहाची हानी झाली असून,' असं ते वाक्य सुरू होत होतं. मीच ते टाइप केलं, चार प्रतींत. मला ते वाक्य छान वाटलं होतं, साहेबांचं मराठी एरवी इतकं सरळ नसायचं.

दोन महिन्यांत वरून आदेश आला. राखीव पट्ट्याच्या चिखलात केंद्राच्या कर्मचाऱ्यांखेरीज कुणीही पाय ठेवायचा नाही. बांधावर शिंदे नावाचा रखवालदार बसला, शिट्टीसकट.

मेस्त्रीबाईंनी तो अहवाल तेव्हा पहिल्यांदा वाचला, माझ्या टेबलावरच्या कार्बन प्रतीत. वाचता वाचता त्या खाली बसल्या. "नलू," त्या म्हणाल्या, "किडे कमी नाय झाले गो. मी मोजायचे कमी केले." आणि त्यांनी मला शेपट्यांची सगळी गोष्ट सांगितली.

मी म्हटलं, "मग सांगून टाका ना साहेबांना. आत्ताच्या आत्ता."

"काय सांगू? पहिल्या वर्षीचा भरघोस आकडा दाखवून त्यांनी हा पट्टा पुढच्या मुदतीसाठी मंजूर करून घेतला. तो आकडा खोटा तर पट्टा खोटा. उद्या सगळंच उठवतील. मग जाळी येतील, आणि तो मासा आलाच कधी तर पहिल्याच जाळ्यात जाईल." त्यांनी गुलाबी बोटांनी कपाळ दाबलं. "नाही सांगितलं तर हिराबाई बांधावर."

मी झाकण लावून घेतलं. मला तेव्हा लाज वाटली नाही, ती नंतर वाटली, आणि अजून वाटते.

त्यानंतरचे सात-आठ महिने बाई दुपारचा डबा खायच्या नाहीत. त्या वेळात त्या पहिल्या वर्षीच्या बरण्या काढायच्या. नियमाप्रमाणे सगळ्या ठेवलेल्या होत्या, कपाटात ओळीने, चिकटपट्टीवर त्यांच्याच अक्षरात जागा आणि महिना लिहिलेला. एकेक बरणी ओतून त्या पुन्हा मोजत होत्या, फक्त डोकी. साहेबांना वाटलं बाई कामात फार रमल्या आहेत. शिपायाला वाटलं, नवऱ्याशी भांडण झालं. हिराबाईशी त्या बोलेनाशा झाल्या. ओहोटीला चाळण घेऊन निघाल्या की बांधावर बसलेल्या बायकांसमोरून त्यांना जावं लागायचं. शिंदे उठून सलाम करायचा. बाई खाली बघून उतरायच्या आणि त्या अख्ख्या चिखलात एकट्याच वाकलेल्या दिसायच्या. एकदा बायकांपैकी कुणीतरी ओरडलं, "आमचा पन एक वाटा आन गो!" सगळ्या हसल्या. परत आल्यावर बाईंनी चाळण इतक्या जोरात आपटली की तिची कड वाकली.

मोजणी संपली त्या दिवशी त्यांनी मला बोलावून दोन कागद शेजारी ठेवून दाखवले. पहिल्या वर्षीची डोकी, दुसऱ्या वर्षीची डोकी. जेवढी होती तेवढीच होती. बायकांच्या हातांनी चिखलाचं काहीएक बिघडलं नव्हतं. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. सुटकेचा कागद हातात असून दार सापडू नये, तशा त्या उभ्या होत्या.

आणि त्याच पंधरवड्यात करवत मासा आला.

राखीव पट्ट्याबाहेर, हिराबाईच्या मुलाच्या, किसनच्या जाळ्यात. सकाळी कोळीवाड्यातून निरोप आला, "तुमचा मासा आयलाय, लवकर या." साहेब मीटिंगला गेले होते, म्हणून बाई आणि मी पळालो. हातभर लांबीचं पिल्लू होतं. करवतीचे दात जाळ्यात असे गुंतले होते की सोडवायला गेलं तर आणखी गुरफटत होतं. किसनने सुरी काढली तेव्हा मला वाटलं, तो करवतच कापणार. पण त्याने जाळं कापलं. नवंकोरं, नायलॉनचं. बाईंनी ओल्या गोणपाटात पिल्लू धरून ठेवलं होतं आणि त्या त्याच्याशी मालवणीत काहीतरी पुटपुटत होत्या, तान्ह्या मुलाशी बोलतात तसं. पाण्यात सोडल्यावर ते क्षणभर तसंच राहिलं, मग तळाशी गेलं. देवळातली करवत लहानपणापासून पाहिलेल्या हिराबाईने हात जोडले. मग ती बाईंकडे वळली. "आमी जालं फारलं ना? आता तरी तुमच्या सायबाला सांग. उघरा आमची खारी, आमचा चिखल."

बाईंनी मान हलवली. परत येताना त्या वाटभर रडत होत्या आणि पदराने तोंड पुसताना गुलाबी डाग गालाला लागत होते.

दुसऱ्या दिवशी त्या हिराबाईला घेऊन प्रयोगशाळेत आल्या. आपल्या स्टुलावर तिला बसवलं, सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. "हे डोकं. हे शेपूट. मी पहिल्या वर्षी दोन्ही मोजले, नंतर नुसती डोकी. म्हणून आकडा पडला. आणि आळ तुमच्यावर आला. माझ्यामुळे." हे सगळं त्या एका दमात बोलल्या.

हिराबाई बराच वेळ डोळा लावून बसली. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता शिव्या. ती सावकाश उठली.

"मुंडीशिवाय मासली कोन मोजतं गो?" ती म्हणाली. "आमची पाच वर्साची पोर पन मुंड्या मोजते." तिच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं, आणि रागापेक्षा ते जास्त लागलं. मग तिने विचारलं, "सायबाला ठावं हाय?"

"नाही."

"मंग मना कशाला सांगतंस?"

ती गेल्यावर बाईंनी माझ्याकडून अर्ज टाइप करून घेतला. चूक काय, कधी झाली, नवी मोजणी काय सांगते, आणि शेवटी एकच ओळ, शिवल्या काढण्यावरची बंदी उठवावी. पट्टा तसाच राहावा, हेही घातलं. "मासा आहे. आपण दोघींनी पाहिलाय," त्या म्हणाल्या. "आता पट्ट्याला माझ्या आकड्याची गरज नाही." या वेळी मी चार प्रती काढताना प्रत्येक ओळ दोनदा वाचली.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला. "बाई, हे मला आधी सांगितलं असतंत तर अहवालात एक तळटीप टाकून भागलं असतं. आता आदेश निघालाय. आदेश वरून आलाय, तो वरूनच निघणार. आणि वर हे पाठवलं तर ते विचारणार, दोन वर्षं तुमच्याकडे मोजत कोण होतं?"

"मी होते," बाई म्हणाल्या. "लिहिलंय त्यात."

"किडे मोजणाऱ्या बाईचं कुणी काही करणार नाही हो. माझं करतील."

"मग तुम्ही नळीत राहा," मेस्त्रीबाई म्हणाल्या. साहेबांना अर्थातच काही कळलं नाही. मला कळलं.

बाईंनी अर्ज स्वतःच वर पाठवला, साहेबांच्या सहीशिवाय. नियमाविरुद्ध. टपालात मी टाकला. माझ्याकडून झालेलं तेवढंच. उत्तर यायला पावसाळा गेला. प्रकल्पाची मुदत संपल्यावर होणाऱ्या आढाव्यात सदर बाब विचारात घेण्यात येईल, असं त्यात होतं. मुदत संपायला आणखी तीन वर्षं होती. त्याच टपालात दुसरा कागद होता, मेस्त्रीबाईंना मुदतवाढ न देण्याबद्दल. त्यांचं कार्यमुक्तीचं पत्र मीच टाइप केलं. एकही चूक न करता, याचा मला आता संताप येतो.

शेवटच्या दिवशी त्यांनी टेबल पुसलं, सुया ओळीने लावल्या, बरण्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "जुन्या बरण्या कुणाला फेकू देऊ नको," म्हणाल्या. "उद्या कुणाला मोजायची बुद्धी झाली तर." मी त्यांना काही द्यायचं म्हणून रुमालांचं पाकीट आणलं होतं. त्यांनी ते घेतलं, माझ्या गालावर हात फिरवला आणि बाहेर पडल्या. बसथांब्याकडे वळण्याऐवजी त्या बांधाकडे गेल्या. मी खिडकीशी आले.

ओहोटी पूर्ण लागली होती. बांधावर नेहमीप्रमाणे बायका बसल्या होत्या, समोर रिकाम्या पाट्या. घरी बसून करायचं काय, म्हणून त्या येतच राहिल्या होत्या. बाईंनी चपला काढल्या, पिशवी चपलांवर ठेवली आणि हिराबाईच्या पुढ्यातली पाटी उचलली. शिंदे सवयीने सलाम करायला उठला. बाई चार पावलं उतरल्या असतील तेव्हा त्याला आठवलं. सकाळीच साहेबांनी त्याला सांगितलं होतं.

"बाई," तो अडखळत म्हणाला, "आता तुम्हालापण बंदी हाय."

"माहीत आहे," मेस्त्रीबाई म्हणाल्या आणि पुढे चालत राहिल्या.

शिंदेने शिट्टी तोंडाला लावली, काढली, पुन्हा लावली. शेवटी त्याने ती वाजवली. बाईंनी वळून पाहिलं नाही. बऱ्याच आत गेल्यावर त्या वाकल्या आणि कोपरापर्यंत हात चिखलात घालून चाचपायला लागल्या. पहिली शिवली पाटीत पडल्याचा आवाज माझ्यापर्यंत येणं शक्य नव्हतं. पण बांधावरच्या बायकांनी तो ऐकला असावा, कारण त्या बोलायच्या थांबल्या होत्या.

हिराबाई उभी राहिली. तिने शिंदेकडे पाहिलं, केंद्राच्या खिडकीकडे पाहिलं, थेट माझ्याकडे. मग लुगडं वर खोचलं आणि ती खाली उतरली. तिच्यामागून दुसरी. मग तिसरी. शिंदे शिट्टी वाजवतच होता.